आधी वासराचा चीक, मग खरवस : गोशाळेतील वासरांची वाढ आणि जीवनसत्त्वे

॥ श्री ॥



देवस्थानच्या कार्यालयात भाविकांकडून वरचेवर एक प्रश्न विचारला जातो. "गोशाळेतील वासरांसाठी व्हिटॅमिनचे टॉनिक द्यावयाचे आहे, कोणते आणावे?" वासरे अशक्त दिसतात, त्यांची वाढ व्हावी, ही त्यामागील भावना निर्मळ आहे. गाय व्यायल्यावर पहिल्या चिकाचा खरवस करून देवापुढे ठेवणारी कुटुंबेही बेळगाव-खानापूर परिसरात पुष्कळ आहेत. त्यांचीही श्रद्धा तितकीच निर्मळ आहे. मात्र या दोन गोष्टी एकमेकींस छेद देतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ज्या जीवनसत्त्वांसाठी आपण बाटली विकत आणतो, त्यांचा पहिला आणि सर्वांत मोलाचा साठा त्या चिकातच असतो. म्हणून वासराच्या वाढीत जीवनसत्त्वांचे स्थान काय, ती कोठून मिळतात आणि बाटलीची गरज केव्हा भासते, याविषयीची माहिती भाविकांसाठी येथे देत आहे.

जीवनसत्त्वांचा शोध आणि सोळा कालवडी

जीवनसत्त्वांच्या शोधाच्या इतिहासात गायीवासरांचा वाटा मोठा आहे. १९०७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सोळा कालवडी निवडून त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटास केवळ मक्याच्या पिकापासून केलेला आहार, दुसऱ्यास केवळ गव्हाचा, तिसऱ्यास केवळ ओटचा आणि चौथ्यास तिन्हींचे मिश्रण असा क्रम ठरला. रासायनिक पृथक्करणानुसार चारही आहारांचे पोषणमूल्य सारखे होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे निष्पत्तीही सारखीच यावयास हवी होती.

प्रत्यक्षात मात्र मक्यावरील गायी तुकतुकीत राहिल्या आणि त्यांना सुदृढ वासरे झाली. गव्हावरील गायींची वासरे मृत जन्मली किंवा जन्मानंतर थोड्याच काळात दगावली. हार्ट, मॅकॉलम, स्टीनबॉक व हम्फ्री या संशोधकांनी १९११ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्धांश व क्षार यांच्यापलीकडे आहारात आणखी काही असले पाहिजे, हे त्यावरून उघड झाले. १९१२ साली कॅसिमिर फंक यांनी अशा अज्ञात घटकांना 'व्हिटामिन' हे नाव सुचविले. १९१३ साली मॅकॉलम व मार्गरीट डेव्हिस यांनी उंदरांवरील प्रयोगांतून लोण्याच्या स्निग्धांशातील एक वाढपोषक घटक दाखवून दिला. तोच पुढे 'अ' जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला.

जीवनसत्त्व अत्यल्प प्रमाणात लागते. परंतु ते नसेल तर बाकीचा भरपूर आहारही अंगी लागत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. गरज भागल्यानंतर अधिक जीवनसत्त्व दिल्याने वाढ अधिक होत नाही. कमतरता असेल तेथेच त्याचा गुण दिसतो.

वासरू रिकाम्या कोठारानिशी जन्मते

मानवी मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भावस्थेतच बालकास मिळतात. गाय व म्हैस यांच्या वारेची रचना निराळी असल्याने ती वासरास गर्भात मिळत नाहीत. 'अ' व 'ई' जीवनसत्त्वेही वारेतून फारच थोडी उतरतात. त्यामुळे वासरू जन्मतः या बाबतींत जवळजवळ रिकाम्या हाताने येते. निसर्गाने ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था चिकात केली आहे.

पहिल्या धारेच्या चिकात प्रथिने सुमारे १४ टक्के असतात. नेहमीच्या दुधात ती तीन-साडेतीन टक्केच असतात. या प्रथिनांचा मोठा भाग रोगप्रतिकारक द्रव्यांचा असतो. आच दिली की ही प्रथिने गोठतात. म्हणूनच विरजण किंवा लिंबू न घालता खरवस आपोआप घट्ट बसतो. अर्थात, ज्या द्रव्यांमुळे खरवसाची वडी पडते, ती वासराच्या रक्षणासाठी आलेली असतात. 'अ' जीवनसत्त्व तर चिकात नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असते. गायीच्या चिकाचा गडद पिवळा रंग कॅरोटीन या द्रव्याचा असतो आणि या कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. म्हैस चाऱ्यातील कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्वात आधीच रूपांतर करीत असल्याने तिचे दूध पांढरे असते. ते रंगाने फिके असले तरी गुणाने उणे नाही.

चिकाच्या बाबतीत वेळेस फार महत्त्व आहे. नवजात वासराच्या आतड्यातून रोगप्रतिकारक द्रव्ये जशीच्या तशी रक्तात जाऊ शकतात. परंतु हे द्वार फार काळ उघडे राहत नाही. पहिल्या काही तासांनंतर ही क्षमता झपाट्याने घटते आणि सुमारे चोवीस तासांत संपुष्टात येते. म्हणून जन्मानंतर एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पोटात जावा आणि पहिल्या बारा तासांत वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका मिळावा, असे पशुवैद्य सांगतात. वासरू पंचवीस किलोचे असेल तर हे प्रमाण सुमारे अडीच लिटर होते.

वार पडेपर्यंत वासरास कासेला लावू नये, अशी एक समजूत आपल्याकडे अजूनही आहे. वार पडण्यास कधी कधी आठ ते बारा तास लागतात आणि तितका अमूल्य काळ वासरू उपाशी राहते. वस्तुतः वासराने सड ओढले की गायीस पान्हा फुटतो आणि त्याच क्रियेने गर्भाशय आकुंचन पावून वार सुटण्यासही साहाय्य होते. तेव्हा ही समजूत सोडून देणे सर्वथा हिताचे आहे.

शास्त्रवचनांचाही कल वासराकडेच

येथे काही भाविकांच्या मनात शंका येईल की, देवास पहिले ते अर्पण करण्याची रीत मोडावी काय? या संदर्भात आपल्या स्मृतिग्रंथांतील निर्देश पाहण्यासारखे आहेत. व्याल्यानंतर ज्या गायीस दहा दिवस झाले नाहीत तिला 'अनिर्दशा' म्हणतात. अशा गायीचे दूध मनुष्याने वर्ज्य करावे, असे मनुस्मृतीत व याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. जिचे वासरू नाही अशा 'अवत्सा' गायीचे दूधही याज्ञवल्क्यस्मृतीने वर्ज्य मानले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर गायीचा चीक प्रयत्नपूर्वक टाळावा असा स्वतंत्र उल्लेख असून तेथे चिकासाठी 'पीयूष' हा शब्द आहे. पीयूष म्हणजे अमृत. ज्यांनी चिकास अमृताचे नाव दिले, त्यांनीच तो मनुष्याच्या आहारातून वगळला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, आपण सवत्स धेनूची पूजा करतो. त्या दिवशी अनेक घरांत दूधदुभते वर्ज्य असते. 'वात्सल्य' हा शब्दही 'वत्स' म्हणजे वासरू यावरूनच आला आहे. यास्तव वासराचा वाटा आधी राखणे हे परंपरेच्या विरुद्ध नसून तिच्या गाभ्याशी सुसंगत आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

उन्हाळा, पावसाळा आणि अ, ड, ई

चिकानंतरच्या काळात कोणते जीवनसत्त्व कमी पडेल, हे पुष्कळ अंशी ऋतूवर व गोठ्यावर अवलंबून असते.

'अ' जीवनसत्त्वाचा उगम हिरव्या चाऱ्यात आहे. आपल्या भागात मार्च ते मे या काळात हिरवी वैरण दुर्मिळ होते आणि कडबा व भाताचे पिंजर यांवर जनावरे राहतात. उन्हात वाळताना व पुढे महिनोन्‌महिने गंजीत राहताना वैरणीतील कॅरोटीन नष्ट होत जाते. पिवळ्या पडलेल्या पिंजरात ते जवळजवळ नसतेच. प्रौढ गाय पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्यावर आपल्या यकृतात जो साठा करते, तो तिला काही महिने पुरतो. वासराजवळ असा साठा नसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस व्यालेल्या गायीचा स्वतःचाच साठा आटलेला असेल तर तिच्या चिकातही 'अ' जीवनसत्त्व कमी उतरते. म्हणून वासराच्या पोषणाचा आरंभ गाभण गायीच्या गव्हाणीत होतो. शेवटच्या दोन महिन्यांत, गाय भाकड असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते, त्याच काळात तिला रोज थोडी तरी हिरवी वैरण मिळणे अगत्याचे आहे.

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणे ओळखता येतात. वासरू तिन्हीसांजेस अंधुक उजेडात ठेचकाळते, डोळ्यांतून पाणी येते, केस राठ होतात, हगवण व खोकला वारंवार होतो. अभाव दीर्घकाळ राहिल्यास कवटीच्या हाडांची वाढ बिघडून डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब येतो आणि कायमचे अंधत्व येते. नंतर कितीही औषध दिले तरी ही दृष्टी परत येत नाही.

'ड' जीवनसत्त्व सूर्यप्रकाशात त्वचेमध्ये तयार होते. कॅल्शियम व फॉस्फरस हाडांत बसविण्यासाठी ते लागते. ते कमी पडले तर मुडदूस होतो. पाय वाकतात, गुडघ्याचे सांधे सुजल्यासारखे मोठे होतात. उन्हाळ्यात याची सहसा वाण नसते. परंतु खानापूरकडच्या दीर्घ पावसाळ्यात वासरे आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या गोठ्यात बांधलेली असतात. अशा वेळी उघडीप मिळताच त्यांना उन्हात सोडणे, हाच सोपा व विनामूल्य उपाय होय. येथे निसर्गाची एक गंमतही दिसते. जे ऊन वैरणीतील कॅरोटीन घालविते, तेच ऊन वाळत्या वैरणीत 'ड' जीवनसत्त्व उत्पन्न करते.

'ई' जीवनसत्त्व ताज्या हिरव्या चाऱ्यात विपुल असते व साठवणीत घटते. सेलेनियम या सूक्ष्म क्षारासमवेत ते स्नायूंचे रक्षण करते. दोहोंच्या अभावी वासराचे स्नायू ताठरतात, त्यास उठणे-चालणे जड जाते. हृदयाच्या स्नायूस बाधा झाल्यास अकस्मात मृत्यूही येतो. सेलेनियम अत्यल्प मात्रेतच लाभदायक व थोडे अधिक झाल्यास विषारी असल्याने ते कोणीही स्वतःच्या मताने देऊ नये.

'ब' जीवनसत्त्वे, रवंथ आणि पुरणपोळी

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा, ज्यास कोठीपोट म्हणतात, तेथे असंख्य सूक्ष्म जीव वैरण आंबवतात व 'ब' गटातील जीवनसत्त्वे आणि 'के' जीवनसत्त्व तयार करतात. 'क' जीवनसत्त्व वासराचे यकृत वयाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून स्वतः बनवू लागते. म्हणूनच निरोगी मोठ्या गायीस यांचे टॉनिक सहसा लागत नाही.

नवजात वासराचे कोठीपोट मात्र अविकसित असते. दूध एका पन्हळीतून सरळ चौथ्या पोटात जाते. या काळात 'ब' जीवनसत्त्वांसाठी वासरू संपूर्णतः दुधावर अवलंबून असते. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्यापुढे थोडा भरडा, स्वच्छ पाणी व कोवळी वैरण ठेवली की कोठीपोट वाढीस लागते आणि दोन-तीन महिन्यांत रवंथ नीट सुरू होते. दूध अकाली तोडले तर वासरास ना दुधातून जीवनसत्त्वे मिळतात, ना कोठीपोटातून. गोशाळेत येणाऱ्या पोरक्या वासरांची दुर्बलता बहुधा या मधल्या काळातील असते.

भाविकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बेंदूर, वसुबारस व अन्य सणांना गायीवासरांना गूळ, भात व पुरणपोळी मोठ्या प्रमाणात चारली जाते. अशा गोड व पिष्टमय अन्नाने कोठीपोटात एकाएकी आम्ल वाढते, उपयुक्त सूक्ष्म जीव मरतात आणि 'ब-१' जीवनसत्त्वाचा तुटवडा पडून मेंदूस इजा होऊ शकते. असे वासरू मान मागे टाकून आकाशाकडे पाहिल्यासारखे उभे राहते, भिंतीस डोके टेकते व आंधळ्यासारखे धडपडते. तत्काळ पशुवैद्याकडून 'ब-१'चे इंजेक्शन मिळाल्यास ते वाचू शकते. एका घराचा नैवेद्य थोडासाच असतो. परंतु शंभर घरांचे घास एकाच वासराच्या मुखी पडले की तेच अन्न घातक ठरते.

बाटली केव्हा आणि किती?

बाटलीचे औषध निरुपयोगी आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. चीक न मिळालेले वासरू, उन्हाळ्यात हिरव्या वैरणीविना जन्मलेले वासरू, दीर्घ हगवणीतून उठलेले वासरू, किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसणारे वासरू यांना पशुवैद्य जीवनसत्त्वे देतात व ती द्यावयासच हवीत. तथापि 'अ' व 'ड' ही स्निग्धांशात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात; जास्त झाल्यास सहजासहजी बाहेर पडत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या शिफारशीनुसार वासरास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ११० एकके 'अ' जीवनसत्त्व लागते. तीस किलोच्या वासरास हे ३,३०० एकके झाले. इंजेक्शनच्या काही औषधांत मात्र एका मिलीलिटरमध्ये ते लाखांच्या घरात असते; म्हणजे एका मिलीलिटरमध्येच महिन्याभराची गरज सामावलेली असते. कोवळ्या वयात 'अ' व 'ड' यांचा अतिरेक झाल्यास मागील पायांच्या हाडांची वाढ अकाली थांबते व वासराचा मागचा भाग तरसासारखा खुजा राहतो. पाश्चात्त्य पशुवैद्यकात या विकृतीस तरसाचेच नाव आहे. 'ड' जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे यांत चुना साठतो. तीन भाविकांनी तीन बाटल्या आणल्या व सेवेकऱ्याने तिन्हींतील औषध पाजले, असे होऊ नये म्हणून ही सावधगिरी.

वासरू खंगण्याचे कारण दर वेळी जीवनसत्त्वांचा अभाव हेच असते, असेही नाही. पुष्कळदा पोटातील जंत हेच कारण असते. रेडकांमध्ये मोठे गोल जंत आईच्या दुधावाटेच येतात. त्यामुळे वयाच्या दहा-पंधरा दिवसांतच पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे लागते. जंत असताना दिलेले टॉनिक वाया जाते. आणि सर्वांत साधे कारण म्हणजे वासरास पुरेसे दूध न मिळणे. त्यावर कोणतेही टॉनिक नाही.

देवस्थानच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. काही टॉनिकांत व इंजेक्शनांत प्राण्यांच्या यकृताचा अर्क असतो. बाटलीवरील घटकांची यादी वाचल्याविना ते दान म्हणून आणू नये.

भाविकांस नम्र विनंती

१. घरी गाय व्यायल्यास पहिल्या दिवसाचा चीक वासरास पोटभर द्यावा. वार पडण्याची वाट पाहू नये.

२. वासराची तृप्ती झाल्यावरही चीक उरत असेल व गाय निरोगी असेल, तर त्यातील काही भाग गोशाळेतील पोरक्या वासरांसाठी द्यावा. स्वच्छ, झाकणबंद बाटल्यांत भरून डीप फ्रीजमध्ये गोठविलेला चीक अनेक महिने टिकतो. पाजताना तो कोमट पाण्यात ठेवून पातळ करावा. उकळू नये, कारण आचेने रोगप्रतिकारक द्रव्ये नष्ट होतात. गायीच्या प्रकृतीविषयी पशुवैद्याचा अभिप्राय आधी घ्यावा.

३. खरवस करावयाचाच असल्यास वासराचे पोट भरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या उरलेल्या चिकाचा करावा.

४. टॉनिकाऐवजी मका, लसूण घास किंवा हत्तीगवताची हिरवी वैरण द्यावी. मार्च ते मे या महिन्यांतील हिरव्या वैरणीचे दान सर्वांत उपयुक्त होय.

५. औषध द्यावयाचेच असल्यास आधी कार्यालयात विचारावे. पशुवैद्यांनी लिहून दिलेले तेवढेच स्वीकारणे इष्ट ठरेल.

६. सणाच्या दिवशी गोग्रास प्रतीकापुरताच द्यावा. उरलेली पुरणपोळी प्रसाद म्हणून माणसांत वाटावी.

विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सभासदांपुढेही एक सूचना विचारार्थ ठेवीत आहे. गोशाळेतील गाय व्याल्यापासून दहा दिवस तिचे दूध अभिषेक, नैवेद्य वा अन्य कोणत्याही कारणासाठी न काढता ते वासराकडे व पोरक्या वासरांकडे जावे, असा नियम करावा. त्यानंतरही दोन सड वासरासाठी राखावेत. पंचामृतास दूध थोडेच लागते आणि ते इतर दुभत्या गायींपासून सहज मिळू शकते. पूजाविधीस त्यामुळे कोणतीही बाधा येत नाही, आणि वासरू मात्र वाचते.

गोसेवा ही गायीच्या गळ्यात हार घालण्यापुरती नसून तिच्या वासराच्या पोटात पहिल्या दोन तासांत चीक जातो की नाही, हे पाहण्यातही आहे. भाविकांनी वरील विनंतीचा आस्थेने विचार करावा, ही प्रार्थना.

आपला विनम्र,
सचिव, देवस्थान विश्वस्त मंडळ